बांधी कोण कसतंय?

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावाजवळ, तिबेटी लोकांची एक वसाहत आहे. नाव नॉर्ग्येलिंग. 1972 साली वसलेली. गोंदिया वेगळा जिल्हा झाला 1 मे 1999 ला, पण तिबेटी प्रशासनाच्या यादीत ती अजूनही ‘भंडारा’ म्हणूनच सापडते. (डेटाबेस बदलला तरी जुनं नाव कुठेतरी राहतंच, हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही पटेल.) त्याच तालुक्यात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांच्या वस्त्याही आहेत. म्हणजे निर्वासितांना जमीन आणि धान्य द्यायचं का, हा प्रश्न आमच्याकडे टीव्हीवरचा नाही. तो शेजारच्या बांधावरचा आहे.

त्यावरचं नेहमीचं उत्तर तुम्हीही ऐकलं असेल: “आपल्याच लोकांना पुरत नाही, बाहेरच्यांना कशाला?” हे बोलणारा माणूस वाईट असतो असं मला वाटत नाही. धानाच्या पट्ट्यात एकरभर बांधी असलेल्या माणसाने असा हिशोब करणं साहजिक आहे. ‘अतिथी देवो भव’ म्हणून त्याला गप्प करणं मला पटत नाही. एक तर पाहुणा दोन दिवसांचा असतो, पन्नास वर्षांचा नाही. आणि दुसरं म्हणजे, पाहुण्याला भाजीत मीठ कमी आहे असं म्हणता येत नाही. ज्याला तक्रार करता येत नाही त्याला मिळतं ते दान, हक्क नव्हे. भारताने 1951 च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही. त्यामुळे आपल्याकडे निर्वासिताला जे मिळतं ते बहुतेक सरकारच्या मर्जीने मिळतं. मर्जी चांगली असू शकते, पण मर्जीच्या भरवशावर परे कोण टाकणार?

युगांडात निर्वासितांना कसायला जमिनीचा तुकडा देतात. शिवाय तिथे एक ढोबळ नियम आहे: निर्वासितांसाठी येणाऱ्या मदतीतला साधारण 30 टक्के भाग आसपासच्या स्थानिक लोकांवर खर्च व्हावा. यजमानही गरीब असतो, एवढं तरी त्यात मान्य केलेलं आहे. आपल्याकडे कुठल्याच बाजूने हे कुणी मोठ्याने म्हणत नाही.

आता आपल्याकडे पाहा. रेशनचा नियम तसा सरळ आहे: 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य. तिथे माणसं मोजतात. शेतीच्या योजना मात्र माणसं मोजत नाहीत, सातबारा मोजतात. पीएम-किसानचे वर्षाला 6,000 रुपये जमीन नावावर असलेल्या कुटुंबाला. धान आधारभूत किमतीने विकायचा तर नोंदणीला आधी सातबारा. मी दिवसभर पात्रतेच्या अटी कोडमध्ये लिहितो, म्हणून ही अट मला लगेच दिसते: ‘शेतकरी’ या शब्दाच्या जागी इथे ‘मालक’ भरलेला आहे. कोड नीट चालतो. प्रश्नच चुकीचा विचारलाय.

या अटीत कोण अडकतं? तिबेटी माणूस, कारण वसाहतीची जमीन त्याच्या मालकीची नाही. आणि त्याच्याइतकाच अडकतो गावातला भूमिहीन, जो दुसऱ्याची बांधी बटईने किंवा ठेक्याने करतो. चिखलणी त्याची, रोवणीच्या मजुरीचे पैसे त्याचे, खताची उधारी त्याची. कापणीच्या तोंडावर पाऊस आला आणि कडपा भिजल्या, तर नुकसानभरपाई मात्र सातबाऱ्यावरच्या नावाला. मालक भला असेल तर त्यातलं काही देतो. म्हणजे इथेही मर्जीच.

मग ‘बाहेरचा’ आणि ‘आपला’ ही भिंत नेमकी कुठे आहे?

केंद्राचं 2014 चं तिबेटी पुनर्वसन धोरण राज्यांना सांगतं, की वसाहतीच्या जमिनीचा 20 वर्षांचा लेखी भाडेपट्टा करा, रोजगार हमी आणि रेशनसारख्या योजनाही त्यांना लागू करा. अंमलबजावणीचं सोडा. निदान कागदावर कुणीतरी निर्वासिताच्या भाडेपट्ट्याचा विचार केलाय. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहणाऱ्या बटईवाल्याच्या हातात तेवढंही नसतं. त्याचा करार तोंडी, कारण मालकाला 1958 च्या विदर्भ कुळकायद्याची धास्ती: नाव लिहिलं आणि हा कूळ झाला तर? तेव्हा “त्यांना मिळतं, आम्हाला नाही” या तक्रारीत तथ्य आहे. फक्त तिचा रोख तिबेटी माणसाकडे वळवणं सोपं आणि फुकट आहे, मालकाकडे किंवा तहसिलीकडे वळवणं महाग.

कोण आधी आलं, हे मोजायचा हट्ट धरला तर तोही स्थानिकांवरच उलटतो. 2006 च्या वनहक्क कायद्यात बिगरआदिवासीला 13 डिसेंबर 2005 च्या आधीची 75 वर्षं सिद्ध करावी लागतात, म्हणजे 1930 पर्यंत मागे जावं लागतं. इथल्या किती घरांत तेवढा जुना कागद निघेल? भूक काही आगमनाच्या तारखेनुसार लागत नाही, आणि धानही आधी आलेल्याच्या बांधीत जास्त भरत नाही.

नीती आयोगाने 2016 मध्ये शेतजमीन भाड्याने देण्याचा एक आदर्श कायदा राज्यांपुढे ठेवला. मालकी मालकाचीच राहील, पण कर्ज, विमा, मदत कसणाऱ्याला मिळेल, अशी त्याची मांडणी. त्यात कसणाऱ्याला तू कुठला, असं विचारून सुरुवात करायची गरज नाही. ‘या हंगामात ही बांधी कोण करतंय?’ एवढा एक रकाना हवा. तो भरायला तलाठ्याला बांधापर्यंत जावं लागेल, हे खरं आहे. जावं.