रॉजर्सना ऐकू न आलेला राग

मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स १९२८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात, मुलांचा छळ रोखण्यासाठी काम करणाऱ्या एका संस्थेत नोकरीला लागले. बारा वर्षं त्यांनी तिथे काढली. चोऱ्यामाऱ्या करणारी, घरातून पळालेली मुलं आणि त्यांचे वैतागलेले आईबाप यांच्याशी रोजची गाठ. अशाच एका व्रात्य मुलाच्या आईला ते भेटीमागून भेटी समजावत राहिले, की तुम्ही याला लहानपणी झिडकारलंत, हे सगळं त्यातून आलंय. बाईंच्या गळी ते काही उतरेना. अखेर दोघांनी हात टेकले. दारापर्यंत गेलेल्या बाई मागे वळल्या आणि म्हणाल्या, इथे मोठ्या माणसांनाही बघता का? मग पुन्हा खुर्चीत बसून त्यांनी आपल्या विस्कटलेल्या संसाराची कहाणी सांगायला घेतली. या वेळी रॉजर्स ऐकत राहिले. खरा उपचार तिथून सुरू झाला, असं त्यांनी पुढे लिहिलं.

मानवतावादी मानसशास्त्राची ओळख बहुधा अब्राहम मॅस्लोच्या गरजांच्या पिरॅमिडपासून करून देतात. मला हा प्रसंग अधिक योग्य आरंभ वाटतो. या विचाराचं बळ त्याच्या सिद्धांतात कमी आणि असल्या कामात जास्त होतं. माणूस का बिघडतो हे फ्रॉइडचे अनुयायी त्याच्या गाडलेल्या भूतकाळावरून सांगत होते, वर्तनवादी प्रयोगशाळेतल्या उंदरांवरून. समोरच्या माणसाला आपल्या दुखण्यातलं काही कळत असेल, ही शक्यता दोघांच्याही हिशेबात फारशी नव्हती.

या पंथावर ‘गोडगोड, अशास्त्रीय’ असा शिक्का मारला जातो. तो रॉजर्सना तरी लागू पडत नाही. त्यांच्या १९४२च्या पुस्तकात ‘हर्बर्ट ब्रायन’ या टोपणनावाच्या माणसाबरोबरच्या आठही भेटींचं संभाषण ध्वनिमुद्रणावरून उतरवून अक्षरशः छापलेलं आहे. तोवर मनोविश्लेषकाच्या बंद खोलीत काय घडलं हे तो स्वतः सांगेल तेवढंच जगाला कळे. रॉजर्सनी ती खोली उघडली आणि आपल्या चुकाही लोकांना ऐकवल्या. मानसोपचाराचं मोजमाप करण्याची आजची पद्धत या धाडसाची मोठी ऋणी आहे.

अडचण पुढे आली. १९५७च्या निबंधात त्यांनी ठामपणे मांडलं, की उपचारकाचा खरेपणा, बिनशर्त स्वीकार आणि समोरच्याच्या जागी जाऊन समजून घेणं, हे त्या माणसापर्यंत पोचलं की बदल घडतो. एवढं आवश्यक आहे आणि एवढंच पुरेसंही आहे. वाद जास्त झाला तो ‘पुरेसं’वर. त्यामागची श्रद्धा अशी, की माणूस मुळात वाढीकडे झुकलेला असतो; योग्य हवामान मिळालं की तो आपोआप नीट वाढतो. मॅस्लोचंही थोडंफार असंच. आत्मसिद्धी साधलेली माणसं कशी असतात हे शोधायला त्यांनी लिंकन, आइनस्टाइन, एलिनॉर रूझवेल्ट अशी नावं निवडली. निवडणारे तेच, निकष त्यांचेच आणि निष्कर्षही! व्यवस्थापनाच्या वर्गांत अजून फळ्यावर काढला जाणारा तो पिरॅमिड तर १९४३च्या त्यांच्या मूळ लेखात नाहीच.

१९५७ साली रॉजर्स विस्कॉन्सिनला गेले आणि आपली पद्धत त्यांनी अवघड जागी लावून पाहिली : मनोरुग्णालयातल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर. एकूण निकाल निराशाजनक आला. पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. मुलाखतींच्या फिती बाहेरच्या तज्ज्ञांना ऐकायला दिल्या होत्या. त्यात रोलो मे होते, याच चळवळीतले, घरचेच. रुग्ण चिडतो, द्वेषाने बोलतो, उपचारकावर उलटतो, तेव्हा हे उपचारक त्या रागाला प्रतिसादच देत नाहीत, असं त्या परीक्षकांच्या लक्षात आलं. दुःख, एकटेपण, भीती यांना शब्दागणिक साद मिळे. राग मात्र कोरडाच राही. १९८२ साली मे यांनी रॉजर्सना उद्देशून खुलं पत्र छापलं, त्यात हे आठवण करून दिलं. रॉजर्सच्या मते दुष्टपणा मुख्यतः समाज आणि संस्कृती यांतून येतो. मे यांचं म्हणणं, समाज आपणच तर बनवतो. चांगलं-वाईट दोन्ही माणसाच्या आतच असतं. मला मे पटतात. माणूस मूळचा भला असं आधीच ठरवून ऐकायला बसलं, तर कान तेवढंच टिपणार.

चळवळीच्या दुसऱ्या टोकाला याच्या उलट घडलं. कॅलिफोर्नियातलं एसालेन केंद्र १९६२ साली सुरू झालं. त्याचे एक संस्थापक मायकेल मर्फी आधी पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमात राहून आले होते. तिथले ‘एन्काउंटर’ गट, म्हणजे मनातलं एकमेकांसमोर उघडपणे बोलायला लावणारे गट, सत्तरच्या दशकात फिरून भारतात आले, ते पुण्याच्या कोरेगाव पार्कात, रजनीशांच्या आश्रमात. इथे राग दाबायचा नव्हता, ओकायचा होता. प्रकरण हाणामारीपर्यंत जाई. एसालेनचे दुसरे संस्थापक रिचर्ड प्राइस ते पाहून नाराज होऊन परतले. वरकरणी रॉजर्सच्या मवाळपणाशी याचा संबंध नाही, पण मुळाशी तीच समजूत आहे : आतलं बाहेर येऊ द्या, पुढचं ते पाहून घेईल.

महाराष्ट्रात समुपदेशनाची वाट बरीचशी रॉजर्सना वळसा घालून गेली. कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत इथे रुजवली, आणि एलिस म्हणजे सरळ वाद घालणारा माणूस. आपल्याकडे समुपदेशकाकडे येणारा बहुतेकदा ‘मी काय करू ते सांगा’ असं म्हणत येतो, त्याला हे मानवतं. सासर सोडावं की नाही या पेचातली बाई घ्या. तिचं मन ओळखणारं कोणी भेटणं ही लहान गोष्ट नव्हे, पण तिच्यापुढे घरभाड्याचा, मुलांच्या शाळेचा, माहेरच्या बंद दाराचाही प्रश्न असतो. मानवतावादी विचारात ‘स्व’ भरपूर आहे. त्या स्वच्या खिशात किती पैसे आहेत, याची चौकशी क्वचितच.

तरीही या ऐकण्याचा परिणाम मोजता येतो. इंग्लंडमध्ये शेफील्डला नैराश्याच्या ५१० रुग्णांवर झालेली चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. रॉजर्सच्या परंपरेतला उपचार सहा महिन्यांनी सीबीटीपेक्षा, म्हणजे विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणाऱ्या उपचारपद्धतीपेक्षा, कमी ठरला नाही. बारा महिन्यांनी मात्र सीबीटी पुढे होती. आणि विल्यम मिलर यांनी १९८३ साली मांडलेली, दारू सोडवण्यासाठीची प्रेरक मुलाखतीची पद्धत आज जगभर वापरली जाते. तिची बोलण्याची ढब रॉजर्सची आहे, कुठे पोचायचं ते मात्र समुपदेशकाने आधीच ठरवलेलं असतं. रॉजर्सना ही तडजोड रुचली असती असं मला वाटत नाही.