पीएच.डी.ला निघालेल्या भाचीस





नोकरीची ऑफर हातात असताना तू कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएच.डी. करायचं म्हणतेस, आणि घरात सगळे विचारतायत, अजून किती शिकणार? त्यांना सांग, आजवर लोकांनी शोधलेलं शिकलीस, आता स्वतः काहीतरी शोधायचंय. हे तुला मनापासून हवं असेल तरच जा. नावामागे डॉक्टर लागावं म्हणून जाणारे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फार खचतात, मी पाहिलंय.

रचना तशी सरळ आहे. आधी कोर्सवर्क; यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार किमान 12 क्रेडिट. पवईच्या आयआयटीसारख्या ठिकाणी पुढे क्वालिफायर, दरवर्षी समितीपुढे प्रगतीचं सेमिनार, मग सिनॉप्सिस, थिसिस, बाहेरच्या परीक्षकांचे अहवाल आणि व्हायवा. यूजीसीचा नियम तीन ते सहा वर्षांचा आहे, तू पाच धरून चाल. नेट-जेआरएफ मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये आहेत; घरी पैसे मागावे लागणार नाहीत.

खरी परीक्षा मात्र वेळापत्रकात कुठे लिहिलेली नसते. ती म्हणजे प्रश्न शोधणं. आपल्या इचलकरंजीचा सुभाष खोत घे. 1999 मध्ये पवईहून बी.टेक. होऊन तो प्रिन्स्टनला गेला. काही प्रश्नांची अचूक उत्तरं सोडच, जवळपासची उत्तरं काढणंसुद्धा संगणकाला किती कठीण असावं, याबद्दल त्याने 2002 मध्ये, विद्यार्थी असतानाच, एक अनुमान मांडलं: युनिक गेम्स कंजेक्चर. ते अजून सिद्धही झालेलं नाही आणि खोटंही ठरलेलं नाही. तरी त्याच्या आधाराने इतकं काम उभं राहिलं की 2014 मध्ये त्याला संगणकशास्त्राच्या गणिती बाजूसाठीचा नेव्हानलिना पुरस्कार मिळाला. नीट विचारलेल्या प्रश्नाची किंमत एवढी असते.

एवढ्या मोठ्या प्रश्नाची वाट बघत बसू नकोस. आपल्याच घरात बघ. फोनला मराठी बऱ्यापैकी कळते, पण तुझ्या आजीची कादोडी बोली कळत नाही. पवईला मराठी वर्डनेट, म्हणजे शब्दांच्या अर्थसंबंधांचं जाळं, झालं. कादोडीसाठी मात्र तसं काही करायला लिखित मजकूरच थोडा. पण ‘बोलींसाठी एआय’ हा काही पीएच.डी.चा प्रश्न झाला नाही. मराठीवर शिकवलेल्या मॉडेलला कादोडीचं पाच तासांचं रेकॉर्डिंग ऐकवलं, तर कुठल्या चुका कमी होतील आणि कुठल्या तशाच राहतील? हा प्रश्न झाला. इथेही जपून. शिकवायला ज्या आजीचा आवाज घेतला, तपासायलाही तिचाच घेतलास तर आकडे छान येतील आणि निष्कर्ष फसवा निघेल. आवाज निराळे हवेत, गावंही निराळी हवीत. असला काटेकोरपणा अंगात मुरवण्यासाठीच ती पाच वर्षं असतात. पुढे गाइड शेजारी नसतानाही कुठलं उत्तर विश्वासाचं आणि कुठलं नाही, हे तुला सांगता आलं पाहिजे.

पेपर परत येतील. आपल्या विषयात जर्नलइतकंच, बऱ्याचदा जास्त, वजन कॉन्फरन्सला असतं, आणि चांगल्या कॉन्फरन्समध्ये बहुतेक पेपर नाकारलेच जातात. परीक्षकांचा शेरा आला की दोन दिवस बाजूला ठेव, मग वाच. त्यातलं निम्मं तरी खरं असतं.

गाइड निवडताना त्यांच्या नावाला भुलू नकोस. त्यांच्या विद्यार्थ्यांना कॅन्टीनमध्ये गाठ आणि विचार: सर किंवा मॅडम शेवटचं कधी भेटले? कच्चा मसुदा वाचतात का? किती जण मधेच सोडून गेले? उत्तर देताना कुणी इकडेतिकडे बघायला लागलं तर दुसरं दार ठोठाव.

आणि हॉस्टेलला राहा. विरार लोकल, मग अंधेरीहून पवई, असं रोज केलंस तर विचार करायला डोकं शिल्लक राहणार नाही. रविवारी घरी येत जा.

अर्जासोबतचं संशोधनाचं टिपण लिहून झालं की मला पाठव. दोन पानांच्या वर जाऊ देऊ नकोस.

तुझा,
मामा