श्रवणावाचून भक्ती

गेल्या रामनवमीच्या उत्सवात सभामंडपात कीर्तन चालू असता एक आजी आपल्या आठ वर्षांच्या नातवाला घेऊन पुढच्या रांगेत बसल्या होत्या. मुलगा जन्मतः बधिर आहे. बुवांनी आख्यान लावले, तशा त्या हातांच्या खुणांनी त्याला कथा सांगू लागल्या. त्यामुळे मागील मंडळींचे चित्त विचलित होऊ लागले. व्यवस्थेचे काम मजकडे होते. मी जवळ जाऊन म्हणालो, “आजी, तुम्ही मागे खांबापाशी बसा. त्याला इथे बसून काय कळणार?” त्या काही बोलल्या नाहीत. नातवाचा हात धरून उठल्या आणि मागे न बसता सरळ घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी मी प्रसाद त्यांच्या घरी पोचता केला आणि आपले कर्तव्य झाले असे समजलो.

ही हकीकत क्षमायाचनेसाठी लिहीत नाही. क्षमा त्यांच्या घरी जाऊन मागितली आहे. परंतु तिच्यातून जो प्रश्न माझ्या मनात उभा राहिला, तो आपणा सर्वांपुढे ठेवावासा वाटतो. ज्याला ऐकू येत नाही त्याचे आपण काय देणे लागतो? आणि जे द्यावयाचे ती आपली दया, की त्याचा वाटा?

नवविधा भक्तीत श्रवण हे पहिले. मग ज्याला कान नाहीत त्याला भक्तीचे पहिले दारच बंद, असे म्हणावयाचे काय? स्मरण, पादसेवन, अर्चन, वंदन, दास्य, सख्य आणि आत्मनिवेदन या सात भक्तींना कानाची गरज नाही, हे उत्तर खरे आहे; पण पुरेसे नाही. कारण श्रवण म्हणजे केवळ नाद कानी पडणे नव्हे. तसे असते तर सभामंडपातील घंटाही श्रोतीच ठरली असती. अर्थ अंतःकरणात उतरणे हे श्रवण, आणि अर्थ डोळ्यांच्या वाटेनेही उतरतो. माझे वडील पूजेच्या वेळी कलशोदकावर धेनुमुद्रा करतात. दक्षिणामूर्तीने शिष्यांना मौनानेच, हाताच्या मुद्रेने उपदेश केला असे आपण मानतो. हातांनी बोललेले ज्या धर्मात देवाला कळते, त्या धर्माच्या मंडपात आजींच्या हातांचा आम्हाला व्यत्यय व्हावा, ही विसंगतीच नव्हे काय?

या मुलाच्या मुंजीचा विषय वैशाखात निघाला, तेव्हा कित्येकांनी शंका घेतली की, ज्याला गायत्री ऐकता येत नाही आणि उच्चारता येत नाही त्याचे उपनयन कसे व्हावे? वडिलांनी जुने ग्रंथ काढले. बौधायनगृह्यशेषसूत्रात अशा बटूच्या उपनयनाचा स्वतंत्र विधी सांगितलेला आहे; बटूने म्हणावयाचे मंत्र तेथे आचार्य स्वतः म्हणतो. त्याप्रमाणे मुंज यथासांग झाली. म्हणजे अडचण बटूची असली, तरी तिच्यासाठी अधिकचे श्रम करावयाचे ते आचार्याने. ज्याला येते त्याने पुढे व्हावे, हा या विधीचा आशय मला फार मोलाचा वाटतो.

तथापि शास्त्रातील दुसरी बाजूही प्रांजळपणे सांगितली पाहिजे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मांध, बधिर, मूक इत्यादिकांना वडिलार्जित धनात वाटा नाही असे म्हटले आहे. लगेच पुढे, त्यांना यथाशक्ती आजन्म अन्नवस्त्र द्यावे, न देणारा पतित होतो, असेही सांगितले आहे. अन्नवस्त्र द्यावे, वाटा देऊ नये, अशी ती व्यवस्था होती. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२८ च्या कायद्याने बधिर-मूकांवरील हा प्रतिबंध दूर केला आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने, कोणत्याही व्याधीमुळे वा व्यंगामुळे वारसाहक्क जात नाही, हे निःसंदिग्ध केले. घरादारातील वाटा त्यांना असा मिळाला. परंतु दुसरा एक वाटा कायद्याला वाटून देता येत नाही, आणि तो अद्याप आपल्याच हाती अडून आहे. तो म्हणजे भाषेचा वाटा.

आपण त्यांना सहज ‘मुके’ म्हणतो. वस्तुतः बहुतेकांचा कंठ निर्दोष असतो. जे कधी कानी पडले नाही ते तोंडी येत नाही, इतकेच. बधिर मुलांपैकी शंभरांत नव्वदांहून अधिक मुले ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. साहजिकच घरात त्यांची भाषा कोणालाच येत नाही. भाषा रुजण्याचा काळ म्हणजे आयुष्याची पहिली काही वर्षे. ती ‘बोलेल उशिरा’ या आशेवर आणि नवससायासांत गेली, तर पुढे भरून काढणे अतिशय कठीण होते. म्हणून जन्मानंतर लवकर कानांची तपासणी करून घेणे, आणि श्रवणयंत्र किंवा शस्त्रक्रिया यांचा विचार चालू असतानाही मुलाला खुणांची भाषा देत राहणे, हे वडीलधाऱ्यांचे पहिले कर्तव्य होय. ही भाषा म्हणजे केवळ हातवारे नव्हेत. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे; तिच्यात प्रश्नवाचक खूण वाक्याच्या शेवटी येते, जशी आपल्या ‘तुझे नाव काय’ या वाक्यात. दिल्लीस २०१५ मध्ये स्थापन झालेल्या केंद्र सरकारच्या संस्थेने २०२१ पर्यंत तिच्या १०,००० शब्दांचा कोश सिद्ध केला आहे.

भाषेवाचून माणसाचे काय होते, याचे उदाहरण आपल्या इंदूर शहराने पाहिले आहे. लहानपणी चुकून पाकिस्तानात गेलेली एक बधिर मुलगी २०१५ च्या ऑक्टोबरात भारतात परतली आणि नंतर इंदूरच्या एका संस्थेत राहिली. कराचीच्या ईधी कुटुंबाने तिला गीता हे नाव दिले होते. ती हात जोडते हे पाहून, स्वतः मुसलमान असूनही, त्यांनी तिच्यासाठी देवांच्या तसबिरी लावून पूजेची जागा करून दिली होती. तिची देवभक्ती अशी शाबूत राहिली; पण तिच्या खुणांतून गावाचे नाव काही निघेना, आणि परतल्यावरही घरच्यांचा शोध वर्षानुवर्षे चालला. अन्न, वस्त्र, निवारा, देव, सारे मिळूनही ‘माझे घर अमुक ठिकाणी’ एवढे एक वाक्य नसल्याने ती पोरकी राहिली.

कोणी म्हणेल, हे काम सरकारचे आणि बधिर शाळांचे. देवस्थानाने पूजाअर्चा करावी. शाळा अक्षर शिकवील, सरकार दाखला आणि सवलती देईल, हे खरे. पण सणावारी पंगतीत शेजारी बसून त्या मुलाला ‘आणखी वाढू का?’ असे विचारण्यास सरकारी माणूस येणार नाही. तेथे आपणच आहोत. मुलगा मंडपात एकटा पडतो तेव्हा त्याच्यासह त्याची आई, आजी, बहीण याही एकट्या पडतात, आणि हळूहळू ते घरच उत्सवास येईनासे होते.

म्हणून विश्वस्त मंडळास व सभासदांस माझी नम्र विनंती आहे. कीर्तनाच्या आख्यानाचा सारांश आधी एका कागदावर लिहून मिळावा. बधिर व्यक्ती आणि तिला खुणांनी सांगणारे आप्त यांस पुढील रांगेत, उजेडात जागा असावी. जी सूचना तोंडी होते ती फळ्यावरही लिहावी. तरुणांपैकी निदान दोघांनी ही भाषा रीतसर शिकावी आणि तिचा खर्च संस्थेने सोसावा. या दोघांत माझे नाव प्रथम धरावे.

थोड्या खुणा मी त्या मुलापाशीच शिकू लागलो आहे. परवा तीर्थ देताना मी त्याला खुणेने विचारले, “तुझे नाव काय?” माझी खूण चुकली असावी. त्याने माझी बोटे धरून नीट केली, आणि मग नाव सांगितले.