तालपुटाचा प्रश्न

तालपुट हा नटांच्या तांड्याचा म्होरक्या. राजगृहाच्या वेळुवनात तो तथागतांकडे गेला आणि आपल्या धंद्याच्या मुळाशी असलेला प्रश्न त्याने विचारला. रंगमंचावर खरेखोटे सांगून लोकांना हसवणारा, रिझवणारा नट मेल्यावर हसऱ्या देवांच्या लोकात जातो, असे आमचे जुने आचार्य सांगत आले. आपले म्हणणे काय? बुद्धांनी दोनदा त्याला थांबवले, हे विचारू नकोस म्हटले. तिसऱ्यांदा मात्र उत्तर दिले. माणसे आधीच आसक्ती, द्वेष आणि मोह यांनी जखडलेली असतात; नट त्यांच्यापुढे नेमके तेच वाढवून ठेवतो; स्वतः बेभान होतो आणि दुसऱ्यांनाही बेभान करतो; अशाची गती नरकाकडे. तालपुट रडू लागला. या उत्तराने आपण दुखावलो नाही, आचार्यांनी इतकी वर्षे आपल्याला फसवले याचे हे रडू आहे, असे त्याने सांगितले. संयुत्तनिकायातला हा संवाद लहान आहे, पण त्यातला प्रश्न मोठा आहे. जमलेल्या माणसांना गाण्यानाचण्याने सांभाळून घेणे हे पुण्याचे काम की पापाचे?

नागपुरात हा प्रश्न पुस्तकात राहत नाही, रस्त्यावर येतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथल्या मैदानावर, आजच्या दीक्षाभूमीवर, महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि मग लाखो अनुयायांना स्वतः दीक्षा दिली. ही माणसे त्या मैदानापर्यंत केवळ भाषणे ऐकून आली नव्हती. सत्यशोधकांच्या जलशापासून चालत आलेली रीत आंबेडकरी जलशाने उचलली होती. तमाशाची ओळखीची चौकट, तीच ढोलकी, तेच सवालजवाब. पण सवाल शाळेचा, पाणवठ्याचा, अंधश्रद्धेचा. भीमराव कर्डकांचा जलसा आणि पुढे वामनदादा कर्डकांची गावोगावची गाणी यांनी अक्षर न ओळखणाऱ्यांपर्यंत चळवळ नेली. आजही अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीच्या वाटेवर पुस्तकांच्या दुकानांइतकीच भीमगीते असतात. मग ज्या धम्माने नटाला नरक सांगितला, त्याच धम्माच्या वाटेवर गाण्याला एवढी जागा कशी? याला विसंगती म्हणून सोडून देणे सोपे आहे. मला मात्र वाटते की तालपुटाला मिळालेले उत्तर आपण नीट वाचत नाही. त्यातला दोष रंजनावर नाही, प्रमादावर, म्हणजे बेसावधपणावर आहे.

याला आधार त्याच परंपरेत आहे. नाच, गाणे, वादन यांपासून दूर राहण्याचा नियम भिक्षूंसाठी आहे, आणि उपोसथाच्या, म्हणजे व्रताच्या, दिवशी पाळायच्या अष्टशीलांत तो सातवे शील म्हणून येतो. संसारी माणसाने रोज पाळायच्या पंचशीलांत तो नाही. तिथे पाचवे शील आहे ते प्रमादाला कारण होणाऱ्या मादक पदार्थांचे. दीघनिकायातल्या सक्कपञ्ह सुत्तात पञ्चसिख नावाचा गंधर्व वीणा घेऊन येतो आणि गातो, तेही प्रेमगीत. बुद्ध त्याला हाकलत नाहीत. तुझ्या तारांचा सूर गळ्याशी जुळतो आणि गळा तारांशी, अशा अर्थाचे कौतुक करतात. एकाच शास्त्याने एका कलावंताला नरक सांगावा आणि दुसऱ्याला दाद द्यावी, तर फरक कलेत शोधून सापडणार नाही. तो कलेने समोरच्या माणसाचे काय होते, आणि करणारा स्वतः किती जागा असतो, यात शोधावा लागेल.

हा जागेपणा म्हणजे काय, हे जलशातल्या झिलकऱ्याकडे पाहिले की कळते. शाहीर पुढे उभा असतो, नाव त्याचे असते. झिलकरी मागे. शाहिराने ओळ टाकली की तिचा शेवट झेलून तो वर उचलायचा, एवढेच त्याचे काम दिसते. पण त्या उचलण्यात शाहिराला श्वास घ्यायला उसंत मिळते, मागच्या रांगेला हुकलेला शब्द पुन्हा मिळतो, आणि पेंगणारे पोर मांडीवर घेऊन बसलेल्या बाईलाही धृपद पाठ होते. गर्दी उसळू लागली तर लय किंचित खाली घ्यायची, विस्कटू लागली तर झील जोरात धरायची. हे साधायला कान शाहिराकडे आणि डोळे माणसांकडे लागतात. विदर्भातच राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या ठेक्यावर हेच साधले आणि भजनाला सामुदायिक प्रार्थनेची जोड दिली. जमाव आणि समुदाय यांत एवढेच अंतर आहे. जमावात कोणी कोणाकडे पाहत नाही. समुदायात कोणीतरी सगळ्यांकडे पाहत असते.

ही गोष्ट मैदानातल्या माणसांपुरतीच खरी आहे का, याची एक विलक्षण परीक्षा संगणकाच्या पडद्यावर होऊन गेली आहे. २००३ साली ‘स्टार वॉर्स गॅलॅक्सीज’ हा हजारो लोकांनी एकाच वेळी खेळायचा ऑनलाइन खेळ सुरू झाला. डिसेंबर २०११ मध्ये तो बंद पडला. त्यात लढवय्ये होते, वैद्य होते, तसे ‘एंटरटेनर’ही होते, म्हणजे नर्तक आणि वादक. लढून आलेल्या पात्राला लढाईचा शीण चढे आणि मनाला जखमा होत. त्यावर उतारा एकच: गुत्त्यासारख्या ‘कॅन्टिना’त येऊन बसायचे आणि कोणाचा तरी नाच पाहायचा किंवा वादन ऐकायचे. नुसते बसून भागत नसे. ‘वॉच’ किंवा ‘लिसन’ ही आज्ञा देऊन लक्ष दिल्यावरच शीण उतरे. खेळ रचणाऱ्यांनी इथे एक खरी गोष्ट ओळखली होती. थकलेले मन औषधाने पुरते बरे होत नाही, त्याला इतरांच्या सोबतीत थोडा वेळ बसावे लागते. आणि ती सोबत जमवणारा माणूस तलवारवाल्याइतकाच कामाचा असतो.

पण त्याच खेळात दुसरी गोष्टही घडली. पुष्कळ नर्तकांनी आज्ञांची साखळी लावून दिली आणि ते उठून गेले. पडद्यावर पात्र तासन्‌तास नाचत राही, गिरक्या घेई. यंत्रापुढची खुर्ची मात्र रिकामी. तरीही पाहणाऱ्याचा शीण नियमाप्रमाणे उतरे. इथे कोणी म्हणेल, बिघडले काय? फळ मिळाले ना? शिवाय हा सगळा खेळच, जखमा आकड्यांच्या, नर्तक चित्रातला. हा आक्षेप हलका नाही. पण आकडा पात्राचा होता. कामावरून थकून येऊन त्या पात्रामागे बसलेला माणूस खरा होता. नर्तक जागा असेल तर तो नव्याला नावाने हाक मारी, कुठून आलास विचारी, दोन अनोळखी माणसांची गाठ घालून देई. खुर्ची रिकामी असेल तर त्याला फक्त आकडा मिळे. रिकाम्या खुर्चीपुढचा नाच हेच प्रमादाचे नेमके चित्र आहे, आणि ते पाहायला संगणक लागत नाही. मन दुसरीकडे ठेवून वाजवलेला टाळ, समोर कोण बसले आहे हे न पाहता छातीत धडकी भरेल इतका वाढवलेला भोंग्याचा आवाज, हेही तेच.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. ज्या हातोटीने गर्दी सांभाळता येते, त्याच हातोटीने ती पेटवताही येते. मग सावधपणाचे कौतुक कशाला, दंगल भडकवणाराही सावधच असतो. खरे आहे, पण तो सावध असतो आपल्या हेतूबद्दल. समोरच्याला मात्र त्याला बेभानच करावे लागते, नाहीतर त्याचे काम होत नाही. बुद्धांच्या उत्तरात दोन्ही बाजू आहेत, करणाऱ्याचे भान आणि ऐकणाऱ्याचे भान. जलशातून उठलेला माणूस घरी जाऊन मुलाला शाळेत घालायचा विचार करी; त्याचे भान वाढलेले असे. चिथावणीच्या सभेतून उठलेल्या माणसाला सकाळी आपल्याच हातांची ओळख पटत नाही. कसोटी हीच धरावी.

तिसरा आक्षेप आपल्या समाजाने विसरू नये असा आहे. साथ करण्यात, मागे उभे राहण्यात मोठेपण आहे, हे सांगून इथे पिढ्यान्‌पिढ्या काही जातींना नाचायला आणि वाजवायला लावले गेले, आणि त्यांच्या कलेवर जगणाऱ्यांनीच त्यांना हीन ठरवले. त्याला सेवा म्हणणे हा अन्यायावर घातलेला शेला आहे. म्हणून साथीला धर्म म्हणायचे तर एक अट सोडता येणार नाही: ती माणसाने स्वतः निवडलेली असावी आणि तिच्यात त्याची प्रतिष्ठा शाबूत असावी. आंबेडकरी जलशाचे मोल इथेच आहे. जन्माने लादलेली ढोलकी त्यातल्या कलावंतांनी फेकली नाही. ती आपल्या निवडीने पुन्हा गळ्यात घातली आणि तिच्यावर स्वाभिमान वाजवला.

तेव्हा मैदानात असो की पडद्यावर, चार माणसांना रिझवण्याचे काम ज्याच्याकडे आले आहे त्याने ते हलके मानू नये आणि खुर्ची रिकामी ठेवू नये. तालपुटाने तांडा सोडला, प्रव्रज्या घेतली आणि पुढे तो अर्हत झाला. पण त्याचे शब्द संघाने टाकून दिले नाहीत. थेरगाथेत त्याच्या पन्नासहून अधिक गाथा जपल्या आहेत, आणि गर्दीपुढे उभा राहण्यात आयुष्य घालवलेला हा माणूस त्यांत बहुतेक वेळ एकाच श्रोत्याशी बोलतो: स्वतःच्या चित्ताशी.