पुराव्याचे ओझे

पुणे जिल्ह्यात, मुळशी तालुक्यात घोटवड्याच्या पुढे रिहे खोरे लागते. सह्याद्रीच्या कुशीतला हा भाताचा मुलूख. हिंजवडीची आयटी वसाहत याच तालुक्यात उभी राहिली आणि गेल्या पाव शतकात इथल्या जमिनीचा अर्थच बदलला. खाचरांचे प्लॉट झाले, माळांना फार्महाऊसची कुंपणे पडली, गुंठ्याचा भाव हा पारावरच्या बोलण्याचा रोजचा विषय झाला. या बदलाची चर्चा महाराष्ट्राने केली नाही असे नाही. जमीन विकून आलेला पैसा हातातून निसटलेल्या शेतकरी घरांची वेदना २०१८ मध्ये ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटाने राज्यभर पोचवली. पण ती विकायला जमीन असणाऱ्यांची कथा होती. याच तालुक्यात कातकऱ्यांच्याही वाड्या आहेत. विकण्याजोगे तर त्यांच्यापाशी काही नव्हतेच, आणि त्यांतल्या कित्येकांची स्वतःच्या चुलीखालची जमीनसुद्धा दुसऱ्याच्या नावावर आहे. आपले सामाजिक न्यायाचे धोरण नेमके कुठे अडते, हे समजून घ्यायचे तर ते मंत्रालयाच्या बाजूने न पाहता या वाड्यांच्या बाजूने पाहावे लागेल.

कातकरी हे नावच एका हिरावलेल्या धंद्याची खूण आहे. खैराची साल तासून, गाभा उकळून कात काढणारे ते कातकरी. १८७८ च्या वन कायद्याने आणि पुढे १९२७ च्या कायद्याने जंगलावर सरकारी मालकी पक्की होत गेली, तसतसा खैरावरचा त्यांचा हात सुटला. मग कोळशाच्या भट्ट्या, मग वीटभट्ट्या, मग मिळेल ती मजुरी. स्वातंत्र्यानंतर ढेबर आयोगाने १९६०-६१ च्या सुमारास दाखवून दिले की आदिवासी म्हणून ज्यांची एकच यादी केली जाते, त्यांच्यातही उतरंड आहे आणि सर्वांत खालच्या थराकडे वेगळे लक्ष द्यावे लागेल. त्यातून १९७५ पासून ‘आदिम जमाती’ हा वर्ग आला. आज देशात असे ७५ गट आहेत. महाराष्ट्रात तीन : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. २०११ च्या जनगणनेत राज्यातील कातकऱ्यांची संख्या सुमारे २ लाख ८५ हजार होती. म्हणजे हा समाज सरकारला अनोळखी नाही. पन्नास वर्षांपूर्वीच त्याला सर्वांत वंचित म्हणून अधिकृत मान्यता मिळाली आहे.

योजनाही कमी नाहीत. आदिवासींसाठी शबरी घरकुल योजना आहे. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्राने आदिम जमातींसाठी ‘पीएम-जनमन’ हे अभियान सुरू केले. त्यात सुमारे २४ हजार कोटी रुपयांची तरतूद आणि नऊ मंत्रालयांची अकरा कामे असून पक्क्या घराला दोन लाख रुपये मिळतात. तरीही वाडीत कुडाची घरे उरतात, कारण प्रत्येक योजनेच्या दारात एक कागद मागितला जातो. घरकुल मंजूर व्हायचे तर पायाखालची जागा स्वतःच्या नावावर हवी. जागा नसलेल्यांसाठी राज्याने २०१५ मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची जागा खरेदी अर्थसाहाय्य योजना आणली. तिच्यात पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी पन्नास हजार रुपये मिळत, नंतर ती रक्कम लाखापर्यंत नेली. पण जिथे गुंठ्याचे भाव लाखांच्या पटीत बोलले जातात त्या तालुक्यात एवढ्या पैशात जागा देणार कोण? शिवाय आदिवासी असल्याचा दाखला हवा, आणि त्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा हवा. ज्याच्या आजोबाच्या नावावर ना जमीन होती, ना घर, ना शाळेतली नोंद, त्याने तो आणायचा कुठून? बहुतेक वेळा जुना कागद जमीनमालकाच्या घरात सापडतो आणि त्यात कातकऱ्याचे नाव नसते.

ही कागदाची पोकळी कातकऱ्याच्या निष्काळजीपणाने पडलेली नाही. ती कायद्यांनी घडवली आहे. मुळशीचाच इतिहास पाहावा. टाटांच्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे सेनापती बापटांच्या नावाने तो ओळखला गेला. ५२ गावांचा प्रश्न होता. मोबदल्याचे गणित १८९४ च्या भूसंपादन कायद्याचे, म्हणजे जमिनीत ज्याचा हक्क कागदावर त्याचे. पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेली. त्यांना मोबदला हवा होता आणि कसणाऱ्या मावळ्याला जमीन. त्या झगड्यात मावळा हरला. पण त्याच्याही खाली, ज्याला जमिनीत कसलाच नोंदलेला हक्क नव्हता, तो हरल्याची नोंदही झाली नाही. पुढे कूळकायदा आला. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कसणारा कूळ मालक झाला. स्वातंत्र्यानंतरच्या न्याय्य कायद्यांत या कायद्याचे स्थान मोठे आहे. मात्र जो कूळही नव्हता, केवळ मजूर म्हणून बांधावर झोपडी घालून राखण करत होता, त्याला त्यातून जमिनीची मालकी मिळाली नाही. उलट जमीन नव्या मालकाच्या नावे पक्की झाली आणि झोपडी कायमची परक्याच्या हद्दीत गेली. एकेका न्यायाच्या पावलाने एकेक थर वर उचलला गेला आणि सर्वांत खालचा थर होता तिथेच राहिला. आज त्याच थराकडे आपण कागद मागतो आहोत.

म्हणून माझे म्हणणे असे आहे, की बहिष्कृततेचा आजचा मुख्य प्रश्न योजनांच्या संख्येचा किंवा तरतुदीच्या आकड्याचा नाही. पुराव्याचे ओझे कोणी वाहायचे, हा तो प्रश्न आहे. जोवर वंचिताने आपले वंचितपण सिद्ध करायचे आणि शासनाने फक्त तपासायचे अशी रीत आहे, तोवर सर्वांत वंचित माणूसच शेवटी पोचणार, किंवा पोचणारच नाही. ओझे उलट बाजूला टाकणे ही काही स्वप्नाळू कल्पना नाही. आपल्या कायद्यात ती आधीच आहे. वेठबिगार निर्मूलनाच्या १९७६ च्या कायद्यात कलम १५ सांगते, की मजुराने कर्ज वेठबिगारीचे आहे असा दावा केला तर ते तसे नाही हे सावकाराने सिद्ध करावे. १९८३ मध्ये बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व पुढे नेले. सक्तीचे श्रम दिसले तर त्यामागे उचल आहे असे गृहीत धरावे, कारण गरीब मजुराकडे उचलीचा कागद असणारच नाही. वनहक्क कायद्याच्या नियमांनी वडीलधाऱ्यांची साक्ष, जुनी विहीर, दफनभूमी, घराच्या खुणा यांना पुराव्याचा दर्जा दिला. आणि २ मे २००३ रोजी अन्नाच्या हक्काच्या खटल्यात न्यायालयाने आदिम जमातींच्या सर्व कुटुंबांना अंत्योदय शिधापत्रिका देण्याचा आदेश दिला. त्या जमातीचे असणे एवढेच पुरे, उत्पन्नाचा दाखला मागू नये, असा त्याचा साधा अर्थ. भाकरीबाबत जे मान्य झाले, ते भाकरी जिथे भाजली जाते त्या जागेबाबत का मान्य होऊ नये?

जागेबाबतही ते देशात घडलेले आहे. केरळात दुसऱ्याच्या जमिनीत झोपडी करून राहणाऱ्या मजुरांना ‘कुडिकिडप्पुकारन’ म्हणत. १ जानेवारी १९७० पासून अमलात आलेल्या सुधारित जमीन कायद्याने त्यांना झोपडीभोवतीची जागा विकत घेण्याचा हक्क दिला : पंचायत भागात दहा सेंटपर्यंत, शहरांत त्याहून कमी. दहा सेंट म्हणजे आपले चार गुंठे. त्या चार गुंठ्यांनी केरळच्या मजुराच्या पाठीत कणा आला, कारण मालकाशी मजुरीवरून भांडताना झोपडी जाण्याची भीती उरली नाही. आपल्याकडे एवढेही मागायला नको. हिशेब करून पाहावा. वीस घरांची वाडी धरली आणि प्रत्येकाला पाचशे चौरस फूट दिले, तर दहा हजार चौरस फूट होतात, म्हणजे सव्वानऊ गुंठ्यांच्या आत. वाट, अंगण, पाण्याची टाकी, अंगणवाडी, सगळे धरून एक एकर पुष्कळ झाला. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ खाली गावठाणाची जागा ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. वाडीला गावठाण म्हणून मोजा, नकाशावर आणा, जागा खासगी असेल तर मोबदला देऊन संपादन करा आणि घराखालचा तुकडा बाईच्या आणि पुरुषाच्या संयुक्त नावावर करा. यासाठी नवी क्रांती लागत नाही. भूकरमापक, तलाठी आणि ठाम आदेश लागतो.

यावर पहिला आक्षेप जमीनमालकाचा असतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ज्याने घाम गाळून किंवा पैसे मोजून जमीन घेतली, त्याने इतिहासाच्या पापाचा भुर्दंड का सोसावा? बरोबर आहे, त्याने सोसू नये. म्हणूनच जमीन हिसकावून घेण्याची भाषा इथे नाही. मोबदला शासनाने द्यावा, कारण चूक शासनाच्या कायद्यांची आहे. रस्ता, धरण, औद्योगिक वसाहत यांसाठी सार्वजनिक हिताच्या नावाने हजारो एकर घेताना आपला हात थरथरत नाही. मग एका वाडीसाठी एक एकर घेताना तेच सार्वजनिक हित एवढे आक्रसते कसे? २०१३ च्या भूसंपादन कायद्याने तर जमीन नसलेल्या, पण तिच्यावर पोट असलेल्या मजुरालाही बाधित कुटुंब मानले आहे. १९२१ च्या मुळशीत ज्याची मोजदाद झाली नाही, त्याला मोजण्याचे तत्त्व कायद्याने अखेर स्वीकारले. ते धरणापुरते मर्यादित ठेवण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप बोगस लाभार्थ्यांचा. महाराष्ट्रात खोट्या जमातप्रमाणपत्रांनी खऱ्या आदिवासींच्या नोकऱ्या आणि प्रवेश लुबाडले, हे वास्तव आहे. १९९४ च्या माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीची कडक पद्धत त्यामुळेच घालून दिली आणि २०१७ मध्ये खोट्या दाखल्यावर मिळवलेले लाभ टिकणार नाहीत असे बजावले. ती कडकपणाची चौकट नोकरी आणि प्रवेशासाठी असलीच पाहिजे, कारण तिथे एकाने खोटेपणा केला की दुसऱ्याची जागा जाते. पण कुडाच्या घरात राहणाऱ्याला पाचशे चौरस फूट देताना तीच चाळणी लावणे म्हणजे चोराच्या भीतीने घरधन्यालाच उंबऱ्याबाहेर ठेवणे आहे. कातकरी वाडीत खोटा कातकरी म्हणून येऊन राहायला कोण धजणार आहे? इथे गावासमोर झालेली चौकशी, शेजाऱ्यांचे जबाब आणि प्रत्यक्ष पाहणी पुरेशी आहे. दाखला देणे हे अधिकाऱ्याचे काम ठरावे. तो मिळवण्यासाठी हेलपाटे घालण्याची शिक्षा अर्जदाराला नको.

तिसरा आक्षेप अधिक बोचरा आहे : ही माणसे एका जागी टिकत नाहीत, दिवाळी झाली की भट्टीवर जातात, घरे बांधून दिली तरी ओस पडतात. यात कारण आणि परिणाम यांची उलटापालट आहे. पावसाळ्यात काम नसते. त्या टंचाईत मुकादमाकडून उचल घेतली जाते आणि ती फेडायला अख्खे कुटुंब, पोरांसकट, पाऊस सुरू होईपर्यंत भट्टीवर राबते. घर स्वतःच्या नावावर नाही, म्हणून बँकेकडे तारण नाही. तारण नाही म्हणून मुकादमाची उचल. उचल आहे म्हणून स्थलांतर. आणि स्थलांतर आहे म्हणून शाळा सुटते, यादीतले नाव हुकते, पुढच्या पिढीचाही कागद तयार होत नाही. हा फेरा कुठेतरी तोडायचा तर पहिला घाव जागेच्या मालकीवर आणि पावसाळ्यातल्या कामावर घालावा लागेल. वि. स. पागे यांच्या दृष्टीतून रोजगार हमीचा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने केला. गावात काम देणे ही आपल्याच घरची शिकवण आहे.

आणखी एक अडसर भूगोलाचा. पुणे जिल्ह्यात राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीचे क्षेत्र आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांच्या काही भागांपुरते आहे. मुळशी त्यात नाही, म्हणून पेसा कायद्याने मिळणारे ग्रामसभेचे अधिकारही इथल्या आदिवासीला नाहीत. आदिवासी विकासाचे प्रकल्प कार्यालय घोडेगावला, जिल्ह्याच्या पार उत्तरेला. आदिवासीबहुल पट्टे आखून निधी देण्याची पद्धत डोंगराळ भागासाठी योग्य होती. पण वीस-पंचवीस घरांच्या विखुरलेल्या वाड्या बहुसंख्याकांच्या गावांत नेहमीच अल्पमतात असतात. ग्रामपंचायतीत त्यांचा आवाज तोकडा पडतो आणि त्यांच्या नावाचा निधी त्यांच्यापर्यंत येताना आटतो. ब्राझीलने २०११ पासून यावर उपाय म्हणून ‘सक्रिय शोध’ सुरू केला : गरिबाने कार्यालय शोधायचे नाही, कार्यालयाने गरीब शोधायचा. केरळाने अतिगरिबी निर्मूलनाच्या कामात घरोघर जाऊन ६४,००६ कुटुंबे निश्चित केली आणि कागदपत्रे मिळवून देणे हेच पहिले काम मानले. पीएम-जनमनच्या शिबिरांतही या विचाराची सुरुवात दिसते, आणि ती स्वागतार्ह आहे. पण आधार आणि बँक खाते देऊन जागेच्या प्रश्नावर थांबणारे शिबीर अर्ध्या वाटेवरच थांबते.

महात्मा फुल्यांपासून शाहू महाराज आणि डॉ. आंबेडकरांपर्यंत महाराष्ट्राने सामाजिक न्यायाचा जो अर्थ घडवला, त्यात दया नव्हती, हक्क होता. हक्काची खरी खूण अशी, की तो मागताना माणसाला मान खाली घालावी लागत नाही. मुळशीच्या आमदारांनी, जिल्हा परिषदेने आणि जिल्हाधिकाऱ्यांनी तालुक्यातल्या प्रत्येक कातकरी वाडीची मोजणी एका वर्षात पुरी करावी, आणि रिहे खोऱ्यापासून ताम्हिणीपर्यंतच्या ग्रामसभांनी तसा ठराव करावा. वाचकांपैकी ज्यांची या तालुक्यात जमीन वा बंगला आहे, त्यांनी आपल्या कुंपणाला लागून असलेली वाडी कोणाच्या सातबाऱ्यावर आहे, हे एकदा तलाठ्याकडे विचारावे आणि ती गावठाणात यावी म्हणून ग्रामसभेत हात वर करावा. वाडीमागे एक एकर, एवढीच ही मागणी आहे.