निवड आधीच झालेली असेल तर?

१ नोव्हेंबरपर्यंत हार्वर्ड किंवा येल विद्यापीठाकडे प्रवेशाचा लवकरचा अर्ज गेला की डिसेंबरच्या मध्यापर्यंत मुलांच्या हाती काहीच उरत नाही. तरीही ती पाठवून झालेला निबंध पुन्हापुन्हा वाचतात, आपल्याइतके गुण असलेल्या कुणाची निवड झाली होती ते शोधतात.

ही घालमेल हार्वर्ड-येलच्या भूमीला नवी नाही. १६३६ साली हार्वर्ड आणि १७०१ साली येल उभारणारे प्युरिटन हे ख्रिस्ती धर्मसुधारक कॅल्व्हिनची शिकवण मानणारे. तारण कुणाचे, हे देवाने सृष्टीपूर्वीच ठरवले. माणसाच्या पुण्याईने ते बदलत नाही, अशी त्यांची श्रद्धा. मग माणसे निवांत झाली का? उलट, निवडलेल्यांत आपण आहोत का, याच्या खुणा ती स्वतःच्या वागण्यात, रोजनिशीत धुंडाळत राहिली. समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने १९०४-०५ मध्ये त्यांच्या अथक उद्योगाचे मूळ याच धास्तीत पाहिले.

पण प्रवेश समिती म्हणजे देव नव्हे.

२०२३च्या डिसेंबरात हार्वर्डने ७,९२१ लवकरच्या अर्जांतून ६९२ जण घेतले. बाकीचे नालायक होते, असे कोण म्हणेल? जागाच मोजक्या. तरी सतरा वर्षांचे मूल नकाराला आपल्या लायकीचा अंतिम निवाडा समजते, हे फार क्रूर आहे. त्यातही अनेकांना नकारसुद्धा मिळत नाही. त्यांचा अर्ज मार्चपर्यंत लांबणीवर पडतो.