मागून येऊन पुढें जाणें

एखादा साहसपट लोकप्रिय झाला, कीं त्याच्या पाठोपाठ दुसरा व तिसरा येतो. आणि रसिकजन नाक मुरडून म्हणतात, 'हा सारा व्यापार!' हा आक्षेप पुष्कळदां खराही असतो. तलवारी वाढविल्या म्हणजे साहस वाढलें, अशी समजूत करून घेणारे निर्माते थोडे नाहींत. तथापि मागून आलेली कृति पहिलीहून सरस ठरली, असेंही कधीं कधीं घडतें. तें कां घडावें?

आमच्या भूगावांत, किंबहुना साऱ्या मुळशींत, शिवचरित्र ठाऊक नाहीं असें घर विरळा. अशा जाणत्या प्रेक्षकांपुढें श्री. दिग्पाल लांजेकर यांनीं 'फर्जंद' (2018), 'फत्तेशिकस्त' (2019) व 'पावनखिंड' (2022) हे चित्रपट ठेविले. पहिल्यांत कोंडाजी फर्जंद 1673 सालीं साठ माणसांनिशीं पन्हाळा घेतो. दुसऱ्यांत 1663 सालीं महाराज लाल महालांत शिरून शाइस्तेखानाचीं बोटें छाटतात. 'हें जमेल कसें?' हें कुतूहल दोहोंचा प्राण होय. तिसरा चित्रपट इतिहासांत मागें, 1660 च्या जुलै महिन्यांत, जातो. पन्हाळ्याच्या वेढ्यांतून महाराज निसटतात. त्यांचें सोंग घेऊन शिवा काशीद मरण पत्करतो. बाजीप्रभु व बांदल घोडखिंड अडवितात. शेवट पोराटोरांसही ठाऊक असल्यामुळें तें कुतूहल येथें उरत नाहीं. उरतो तो एक नैतिक प्रश्न: एकाच्या प्राणांसाठीं दुसऱ्यांनीं आपले प्राण कां वेंचावे, आणि ज्याच्यासाठीं ते वेंचले त्यानें पुढें कसें जगावें? हा प्रश्न विचारला म्हणूनच मला 'पावनखिंड' वरचढ वाटतो.

परंतु तो प्रश्न मनास भिडावयास आधीं परिचय लागतो. चिन्मय मांडलेकर यांचे महाराज व मृणाल कुलकर्णी यांच्या जिजाऊ तोंवर प्रेक्षकांच्या घरचीं माणसें झालीं होतीं. कीर्तनांत पूर्वरंगानें मनाची मशागत केल्यावांचून उत्तररंग रुजत नाहीं, तसेंच हें.

मग मागून आलेल्याचा मोठेपणा उसना ठरला काय? ठरला खराच. पण ऋण कोण घेत नाहीं? तें कशापायीं खर्चिलें, इतकेंच पाहावयाचें. पूर्वींच्या कृतींनीं मिळविलेलें प्रेम जो नव्या चमत्कारांवर उधळतो, तो दिवाळखोर. त्याच प्रेमाच्या बळावर जो साहसाची खरी किंमत प्रेक्षकांसमोर मांडतो, तो तें ऋण फेडतो. शिष्यानें आपणांस जिंकावें असें गुरूस कां वाटतें, तेंही मग समजूं लागतें.